कॉलरच्या खालचा रंग

मागच्या रविवारी इस्त्री करताना माझ्या निळ्या सुती शर्टाच्या डाव्या बाहीत इस्त्रीचे टोक अडकले. बाही उजेडासमोर धरून पाहिली, तेव्हा कोपराच्या जागी भोक म्हणावे असे भोक नव्हते, पण कापड म्हणावे असे कापडही उरले नव्हते. आडवे धागे झिजून गेले होते आणि उरलेले उभे धागे एकमेकांची ओळख नसल्यासारखे शेजारीशेजारी लोंबत होते. हा शर्ट मी २००७ साली घेतला. घरात सर्वांचे मत एकच पडले की आता त्याची फडकी करावीत. मी ते शांतपणे ऐकून घेतले, शर्टाची घडी घातली, तो पुन्हा कपाटात ठेवला आणि मग आठवडाभर स्वतःलाच विचारत राहिलो की आपण इथे नेमके काय जपतो आहोत.

‘आठवणी’ हे उत्तर सर्वांच्या तोंडी तयार असते. मला ते फारसे पटत नाही, कारण या शर्टाला सांगण्यासारखा इतिहासच नाही. नोकरीच्या मुलाखतीला, लग्नाला, मुलीच्या जन्माच्या दिवशी तो माझ्या अंगावर नव्हता. त्या प्रसंगांचे कपडे वेगळे होते, याहून भारी होते, त्यांतला एकही आज माझ्याजवळ नाही आणि त्याचे मला दुःखही नाही. हा शर्ट अंगावर होता तो ज्या दिवशी काहीच घडले नाही अशा दिवसांत : बिले भरताना, पुस्तकांचे कपाट लावताना, तापातून उठल्यावर पहिल्यांदा दाराबाहेर पडताना. मोठ्या प्रसंगांचे फोटो तरी असतात. या बिनमहत्त्वाच्या हजारभर दिवसांचा माझ्याजवळ दुसरा कोणताच पुरावा नाही.

जुन्या कपड्यासाठी आपल्या भाषेत किती बारकाईचे शब्द आहेत, हे मला या निमित्ताने नव्याने जाणवले. रंग जातो तेव्हा कापड विटते, पोत जातो तेव्हा ते विरते. शिवण सुटली तर ते उसवते आणि कडेचे धागे मोकळे झाले की त्याच्या दशा निघतात. या चार वेगवेगळ्या घटना आहेत आणि माझा शर्ट त्या चारही अवस्थांतून गेला आहे. यांतले ‘विटणे’ मला विशेष विचारात पाडते, कारण कापडही विटते आणि मनही विटते. कापड पुरते विटले तरी मन विटत नाही, असे कपाटातल्या एखाद्याच कपड्याच्या बाबतीत का व्हावे, हाच तर माझा प्रश्न आहे.

थोडे उत्तर कापडाच्या घडणीतच आहे. नवे सुती कापड ताठ असते, कारण विणताना धागा तुटू नये म्हणून त्याला खळ लावलेली असते आणि विकताना ते सुबक दिसावे म्हणून त्यावर आणखी संस्कार केलेले असतात. पहिल्या काही धुण्यांत हे सारे निघून जाते. पुढे प्रत्येक धुण्यात पिळाच्या आतले आखूड तंतू थोडे थोडे सुटतात, धाग्याचा पीळ सैलावतो आणि कापड मऊ होत जाते. धुलाई यंत्राच्या जाळीत जी करडी लव साचते ती धूळ नसते. ते आपले कपडेच असतात. म्हणजे ज्या मऊपणासाठी मी हा शर्ट घालतो, तो मऊपणा ही त्याची झीजच आहे. तो मला आवडतो आणि तो संपत चालला आहे, ही एकच गोष्ट दोन बाजूंनी सांगता येते. तरीही सुताला एका बाबतीत दाद दिली पाहिजे. भिजल्यावर सुती धागा कोरड्या धाग्यापेक्षा बळकट होतो, तर रेयॉनचा धागा ओला झाला की दुबळा पडतो. इतकी वर्षे बादलीत आपटून, पिळून आणि झटकून हा शर्ट टिकला, त्याचे थोडे श्रेय मी माझ्या काळजीला द्यायला तयार होतो. पण ते बहुतेक सगळे कापसाचे आहे.

काही वर्षांपूर्वी मला याच कंपनीचा, याच मापाचा आणि जवळजवळ याच निळ्या रंगाचा शर्ट मिळाला. मोठ्या आनंदाने मी तो घेतला आणि आता जुन्याला निवृत्त करता येईल असे घरी जाहीरही केले. तो शर्ट आजही ‘नवा शर्ट’ म्हणूनच ओळखला जातो. त्यात खोट काहीच नाही. तो फक्त दुसरा आहे. ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम या मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली लहान मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला, तो वाचताना मला हा नवा शर्ट आठवला. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना एक यंत्र दाखवले गेले, जे कोणत्याही वस्तूची हुबेहूब नक्कल तयार करते असे त्यांना भासवले होते. ती अर्थात जादूगाराची हातचलाखी होती. साध्या खेळण्यांच्या बाबतीत मुले नक्कल आनंदाने घेत होती. पण ज्यांना आपले एखादे पांघरूण किंवा कापडी खेळणे घेतल्याशिवाय झोप येत नसे, त्यांच्यापैकी काहींनी ते यंत्रात ठेवूच दिले नाही, आणि ज्यांनी ठेवू दिले त्यांच्यापैकी बहुतेकांनी मूळचेच परत मागितले. मी त्या मुलांपेक्षा बराच मोठा आहे आणि मला नक्कल विकत घेण्याइतका मूर्खपणा सुचला, एवढाच काय तो फरक.

अर्थशास्त्रज्ञांचे उत्तर याहून कोरडे आहे. वस्तू आपली झाली की तिची किंमत आपल्या मनात वाढते, असे ते म्हणतात, आणि १९९० साली कॅनमन, नेच आणि थेलर यांनी कॉफीच्या मगांवर केलेल्या प्रयोगांत ज्यांना मग दिले गेले त्यांनी घेणाऱ्यांच्या साधारण दुप्पट किंमत मागितली होती. ते खरे असेल. पण त्या मगांची मालकी काही मिनिटांची होती आणि माझ्या शर्टाला गिऱ्हाईक नाही. मग आणि शर्ट यांत एक मूलभूत भेद आहे, तो म्हणजे मगाचा आकार माझ्यामुळे बदलत नाही. माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा किंचित खाली आहे हे मला शिंप्याने माप घेताना सांगितले होते, पण ते कोणीही न सांगता हा शर्ट तसा बसला आहे. उजव्या खिशाच्या तोंडाशी पेनाच्या क्लिपने पाडलेली एक उभी चमक आहे. माझी पाठ, माझी सवय आणि माझा विसरभोळेपणा (खिशाच्या तळाशी शाईचा एक पुसट ठिपका आहे) या कापडात उतरले आहेत.

याच कारणामुळे प्रसिद्ध माणसांच्या जुन्या कपड्यांना वेडे मोल येते. अल्बर्ट आइन्स्टाइन यांचे चामड्याचे जाकीट, जे १९३८ साली ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावरही झळकले होते, २०१६ साली लंडनमधल्या लिलावात १,१०,५०० पौंडांना गेले. ज्या कंपनीने ते पूर्वी बनवले होते तिनेच ते विकत घेतले आणि त्याला अजूनही पाइपच्या तंबाखूचा वास येत असल्याचे सांगितले. कर्ट कोबेन या गायकाने १९९३ च्या गाजलेल्या कार्यक्रमात घातलेला स्वेटर २०१९ साली ३,३४,००० डॉलरना विकला गेला, तोही न धुतलेला, डागांसह आणि जळाल्याच्या खुणेसह. इथे वास आणि डाग यांचेच पैसे मोजले गेले. ते धुऊन, रफू करून, स्वच्छ करून विकले असते तर निम्मा लिलावही झाला नसता. पण मला या दोन्ही वस्त्रांविषयी थोडी कणव वाटते. ती यापुढे कोणी घालणार नाही. त्यांना आता हँगर आणि ठरावीक तापमान मिळेल, खांदा मिळणार नाही.

माझे मत सरळ सांगायचे तर, ज्या कपड्यावर जीव आहे तो घालावा. जपून ठेवण्याच्या नावाखाली त्याला पेटीत घालणे मला मानवत नाही. वापर थांबला की कपडा नुसता राहतो, जुना होण्याचेही थांबतो. हे मत मी अनेक वर्षे ठामपणे मांडत आलो आहे आणि ते एकाच ठिकाणी लुळे पडते, हेही इथे कबूल केले पाहिजे.

माझ्या एका मैत्रिणीच्या कपाटात तिच्या वडिलांचा मरून रंगाचा स्वेटर आहे. ते गेल्यानंतर तिने तो धुतला नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, हवा दाबून काढून, पिशवीचे तोंड घट्ट बंद करून ठेवला. तिने मला तो एकदा दाखवला, म्हणजे पिशवी दाखवली. ती वर्षातून एकदा ती उघडते, दोन श्वास घेते आणि बंद करते. बाकीच्या संवेदनांपेक्षा गंधाचा मेंदूतला रस्ता जवळचा आहे. नाकातून निघालेला संदेश भावना आणि स्मृती यांच्या केंद्रांपर्यंत फार वळसे न घेता पोचतो, त्यामुळे वासाने येणारी आठवण अंगावर धावून येते. पण वास म्हणजे त्या वस्तूतून सुटून हवेत आलेले कणच. जो श्वास ती आत घेते, तेवढा स्वेटर कमी झालेला असतो. तिला हे ठाऊक आहे. म्हणूनच दोन श्वास; तिसरा नाही. तिला मी ‘तो घालत जा’ असे कोणत्या तोंडाने सांगणार होतो? डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषकाने १९५१ साली वाचलेल्या एका निबंधात लहान मुलांच्या अशा जिव्हाळ्याच्या वस्तूंविषयी लिहिताना म्हटले होते की आई ते पांघरूण मळू देते, त्याला वास येऊ देते, कारण ते धुतले तर मुलाच्या अनुभवातले सातत्यच तुटेल. पुढे त्याने असेही नोंदवले की मूल मोठे होताना ही वस्तू विसरली जात नाही आणि तिच्यासाठी शोकही केला जात नाही. तिचा अर्थ हळूहळू ओसरून जातो. मुलांचे तसे होत असेल. त्या पिशवीतल्या स्वेटरचा अर्थ ओसरलेला नाही.

माझा प्रश्न तितका गंभीर नाही, हे मी जाणतो. माझ्या शर्टाला वास येतो तो साबणाचा. तेव्हा मला माझ्या नियमाने वागण्याची सोय आहे. कपडा अधिक काळ वापरणे पर्यावरणाला हितकारक असते, हा युक्तिवादही मला कोणीतरी सुचवला. तो खरा आहे, पण त्याचा आडोसा मी घेणार नाही. पर्यावरणासाठी मी दिवे बंद करतो. शर्ट मला आवडतो म्हणून ठेवला आहे.

चार वर्षांपूर्वी या शर्टाची कॉलर दुमडीवर फाटली होती. मानेशी सतत घासणारी, दाढीच्या खुंटांनी खरवडली जाणारी ती जागा सर्वांत आधी जाते. तेव्हा एका वयस्कर शिंप्याने कॉलर पट्टीपासून उसवून काढली, उलटी केली आणि पुन्हा शिवली, म्हणजे फाटलेली बाजू खाली गेली आणि खालची वर आली. काम झाल्यावर मी शर्ट घालून आरशासमोर उभा राहिलो आणि क्षणभर दचकलो. कॉलरचा रंग गडद, जवळजवळ शाईसारखा निळा होता. इतकी वर्षे अंधारात राहिलेली ती बाजू विटलीच नव्हती. हा शर्ट मी घेतला तेव्हा तो असा होता, हे मी पार विसरून गेलो होतो. माझ्या मनातही तो कॉलरखालच्या बाकीच्या कापडाबरोबरच विटत गेला होता.

या वेळी कोपर घेऊन मी पुन्हा त्याच शिंप्याकडे गेलो. त्याने बाही दोन बोटांवर ताणून पाहिली आणि मान हलवली. “साहेब, इथे रिळाचा दोरा चालणार नाही. दोरा कापडापेक्षा बळकट झाला, की दोराच कापड कापतो.” ठिगळ लावले तर ठिगळाच्या कडेने फाटेल, असेही तो म्हणाला. मग त्याने शर्टाचा खालचा घेर उलटून दाखवला. तिथली दुमड उसवली तर आतल्या कापडाचे धागे काढता येतील, ते याच वयाचे आहेत आणि झिजलेले नाहीत, रफू त्यांनीच करावे. एवढे बारीक काम आता त्याच्या डोळ्यांना होत नव्हते.

ते मी केले. दोन संध्याकाळी गेल्या. दुमडीतून एकेक धागा सुईच्या टोकाने सोडवायचा, तो तुटला की दुसरा घ्यायचा, आणि कोपरावरच्या सुट्या उभ्या धाग्यांतून एक वर, एक खाली असा ओवत जायचा, फार ओढायचा नाही. रफू काही देखणे झालेले नाही; मधोमध थोडी चुणी पडली आहे आणि ते गडद निळे दिसते, कॉलरसारखे. घेर एका बोटाने आखूड झाला आहे. शर्ट खोचल्यावर ते कळत नाही.