रिमॅपचा खर्च गिऱ्हाईक का भरेल?

“जुनी स्पोर्टी गाडी विकायचीय? आधी सगळी दुरुस्ती करा, दोन-चार अपग्रेड टाका, रंग मारून घ्या. घातलेला पै न पै किमतीत वसूल होतो. मग डिलिव्हरी नोटवर सही घ्या, विषय संपला.” हा सल्ला सध्या व्हॉट्सॲपवर जोरात फिरतोय. यातलं एकच वाक्य थोडंफार खरं आहे, दुरुस्तीचं. तेही अर्धंच.

आधी अपग्रेड. 2017 साली आपल्याकडे आलेली स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस 230 घ्या. शौकीन लोक ती आजही शोधत असतात, म्हणजे या दाव्याला सोयीचंच उदाहरण. तिचा टॉर्क, म्हणजे इंजिनचा फिरवण्याचा जोर, 350 न्यूटन मीटर, आणि तिच्या सहा गिअरच्या डीएसजी (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक) गिअरबॉक्सची तो सोसायची क्षमताही तेवढीच, 350. ‘स्टेज 1’ रिमॅप केला, म्हणजे पार्ट न बदलता इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवली, की ही मर्यादा ओलांडलीच. गिअरबॉक्स लगेच बसतो असं नाही. अशा पुष्कळ गाड्या मजेत पळताहेत. पण जाणकार गिऱ्हाइकाला ‘रिमॅप केलीय’ असं सांगितलं की तो वाढलेल्या ताकदीचे पैसे मोजत नाही, क्लच किती घासलाय याचा अंदाज बांधतो आणि तेवढी किंमत पाडून मागतो. ज्याला रिमॅप हवाच असतो, तो स्वतःच्या आवडीच्या ट्यूनरकडून करून घेतो. तुमचा कशाला विकत घेईल?

त्यात कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर, परवानगी नसलेले पार्ट बसवून केलेल्या अशा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) काढून बसवलेला डाउनपाइप, म्हणजे इंजिनजवळचा धुराचा पाइप, हे विक्रीचं आकर्षण नाही, घेणाऱ्याच्या गळ्यात घातलेलं लोढणं आहे. मूळ पार्ट माळ्यावर असतील तर ते परत बसवा आणि हौसेचे पार्ट वेगळे विका. चार पैसे तिथेच सुटतात.

दुरुस्तीचं म्हणाल तर, ब्रेक, टायर, सस्पेन्शनचे बुश ठीक असले म्हणून भाव वाढत नाही; घासाघीस करायला जागा कमी उरते, इतकंच. खरं वजन कागदांना. ऑक्टाव्हियाच्या या गिअरबॉक्सचं तेल दर 60,000 किलोमीटरला बदलावं लागतं. ते वेळेवर बदलल्याची बिलं फाइलमध्ये असतील तर नव्या अलॉय चाकांपेक्षा ती जास्त बोलतात.

रंगाबाबतचा सल्ला तर उलटाच पडतो. कंपनीच्या रंगाची जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन असते. हल्ली घेणारे जाडी मोजायचं यंत्र खिशात घालून येतात. बंपरवरचे ओरखडे त्यांना चालतात, पण दारावर 300 दिसले की ‘गाडी ठोकलेली आहे का?’ हा प्रश्न आलाच. मग तुम्ही शपथा घ्या.

राहिली डिलिव्हरी नोट, म्हणजे गाडी ताब्यात दिल्याचा कागद. एका खटल्यात गाडी अनेक हातांतून गेली होती, तरी आरसीवर नाव पहिल्याचंच होतं, म्हणून अपघाताच्या भरपाईची जबाबदारी सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये त्याच्यावरच टाकली. तेव्हा सही घ्याच, पण मालकी बदलाचे फॉर्म 29 आणि 30 भरा, राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर 14 दिवसांत आरटीओला कळवा, आणि आरसीवर नवं नाव चढेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.