बालाघाटात नवी ट्रेल नको, जुन्या गाडीवाटा हव्यात

सोलापुरात ग्रॅव्हल सायकली दिसायला लागल्यात, याचा मला मनापासून आनंद आहे. रस्त्यावरच्या सायकलीसारखं खाली वळलेलं हँडल, चाळीस मिलिमीटरच्या आसपासचे जाड टायर, आणि डांबर संपलं तरी पुढे जायची तयारी. आपला निम्मा जिल्हा मुरमावर, माळावर आणि शेतरस्त्यांवर पसरलेला आहे. आपल्यासाठी याहून योग्य सायकल नाही.

पण सध्या आमच्या सायकलवाल्यांत एक मागणी जोर धरतेय. बालाघाटाच्या डोंगरांत, येडशी-रामलिंग अभयारण्याच्या जंगलातून, ‘खास ग्रॅव्हल ट्रेल’ काढून घ्यायची. झाडी थोडी साफ करायची, दगड बाजूला सारायचे, पाट्या लावायच्या, म्हणजे पुण्या-मुंबईचे लोकही येतील. हेतू चांगलाच आहे, मागणी करणारे माझे मित्रच आहेत. तरीही मला ही मागणी साफ अमान्य आहे.

आधी तो भाग कसा आहे ते सांगतो. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर, तुळजापूर साडेसहाशेच्या आसपास. हा दोनशे मीटरचा फरक म्हणजे बालाघाटाची कड. तुळजापूरच्या घाटात ती सगळ्यांना ठाऊक आहे. पण तीच कड बार्शीच्या पूर्वेला, पांगरी ओलांडून येडशीकडे जाताना जास्त देखणी होते. तिथलं जंगल सह्याद्रीसारखं सदाहरित नाही. खैर, धावडा, सालई, पळस, बोरी, मधे घाणेरीच्या जाळ्या. पावसाळ्यात सगळं हिरवंगार, मार्चमध्ये पळस पेटलेला, एप्रिलमध्ये नुसते खराटे. रामलिंगचं देऊळ खाली दरीत, ओढ्याच्या काठाला. रावणाशी लढताना जटायू पडला तो इथेच, असं लोक मानतात. अभयारण्याचा एकूण पसारा अवघा बावीस चौरस किलोमीटरच्या आसपास. एखादा तालीम केलेला सायकलस्वार तेवढं जंगल सकाळच्या नाश्त्याआधी आडवं-उभं पालथं घालेल. एवढ्याशा जागेत चाकांसाठी आणखी एक वाट काढायची म्हणजे प्राण्यांना उरलेला कोपराही काढून घ्यायचा.

आणि तिथे प्राणी आहेत. डिसेंबर 2024 मध्ये याच जंगलातल्या कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला. तो यवतमाळच्या टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत आलेला होता. शेतं, महामार्ग, गावं ओलांडत तो आला तो बालाघाटाच्या या चिंचोळ्या झाडीच्या आधाराने. पुढे बार्शी तालुक्यातही त्याचा वावर होता. ज्या पट्ट्याने त्याला वाट दिली, त्या पट्ट्यात आपण स्वतःसाठी वेगळी वाट मागायची, हे मला पटत नाही. कायद्याचं म्हणाल तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय फिरता येतच नाही. देवळाकडे जाणारा रस्ता आहे, त्यावरून जा, दर्शन घ्या, माकडांपासून पिशवी सांभाळा आणि त्याच रस्त्याने परत या.

डोंगर सोडून माळावर आलो तरी प्रश्न तोच. नान्नजच्या बाजूला एकदा उन्हाळ्याच्या तोंडावर मी गाडीवाट सोडून थेट माळावरून सायकल घालणार होतो. बाजूला मेंढरं चारणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांनी काठी आडवी केली. “तिकडनं नगा जाऊ, टिटवीनं अंडी घातल्यात.” मला काहीच दिसेना. त्यांनी दोन पावलं पुढे जाऊन काठीचं टोक जमिनीपासून वीतभर वर धरलं, तेव्हा कुठे नजर बसली. चार अंडी, मातकट रंगाची, त्यावर काळे ठिपके, निमुळती टोकं आत वळवलेली. घरटं असं नाहीच. मुरमाचे चार खडे गोल सारलेले, बस. आजूबाजूच्या खड्यांत आणि त्या अंड्यांत फरक करता येत नव्हता. वर टिटवी जिवाच्या आकांताने ओरडत घिरट्या घालत होती.

चंडोल, धाविक, टिटवी, सगळे जमिनीवरच अंडी घालतात. माळढोकही तसाच, आणि तो तर बहुतेक वेळा एकच अंडं घालतो. त्याच्यासाठी 1979 मध्ये आपल्याकडे अभयारण्य झालं. आधी साडेआठ हजार चौरस किलोमीटर, पुढे आखणी नव्याने झाल्यावर सव्वाबाराशेच्या घरात आलं. आज तिथे एखादा माळढोक दिसला तरी बातमी होते. काळवीट आणि लांडगा मात्र अजून आहेत. आपण ज्याला ‘रिकामा माळ’ म्हणतो तो रिकामा नाही. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे: माळावरून उघड्यावर घातलेल्या सायकलीचा ट्रॅक स्ट्राव्हावर, म्हणजे सायकलवाले आपले मार्ग सगळ्यांना दाखवतात त्या ॲपवर, टाकू नका. एकाच्या चाकोरीवरून पुढच्या रविवारी दहा जण जातात, आणि दिवाळीपर्यंत तिथे वाट पडलेली असते.

मग जायचं कुठून? उत्तर तहसील कचेरीत आणि भूमी अभिलेखच्या दप्तरात आहे. प्रत्येक गावाचा गावनकाशा असतो. त्यावर दुहेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो तो गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. एकेरी तुटक रेषेचा तो पायमार्ग, सव्वाआठ फुटी. हे सरकारी नोंदीतले, सगळ्यांच्या वहिवाटीचे रस्ते आहेत. कित्येक ठिकाणी बांध कोरत कोरत ते बुजवले गेलेत, कुठे वेड्या बाभळीने गिळलेत. शेतकऱ्याला ऊस बाहेर काढायला रस्ता नाही, म्हणून भावकीत भांडणं, तहसीलदारापुढे दावे. पाणंद रस्ते मोकळे करण्यासाठी सरकारच्या योजना आहेत, त्यातून मातीकाम आणि मुरूम पडतो. मुरूम पडलेला पाणंद रस्ता म्हणजे ग्रॅव्हल सायकलीला हवा तोच रस्ता. शेतकऱ्याची अडचण आणि आपली हौस एकाच रस्त्याने सुटते, तर आपण जोर तिथे लावायला हवा.

ज्या शर्यतीने ग्रॅव्हलचं नाव जगभर नेलं ती अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावाहून निघते. 2006 मध्ये सुरू झाली, मुख्य अंतर 200 मैल, म्हणजे सव्वातीनशे किलोमीटरला थोडं कमी. आणि ती जाते फ्लिंट हिल्स नावाच्या गवताळ टेकड्यांतून. एक प्रकारे त्यांचा माळच तो. तिथे शर्यतीसाठी गवतातून नवी वाट कापावी लागली नाही. शेतांकडे, कुरणांकडे जाणारे खडीचे रस्ते आधीपासून होते, त्यांवरूनच हजारो लोक सायकल मारतात.

आपल्याकडे आणखी एक ठेवा आहे. बार्शी लाइट रेल्वे. 1897 मध्ये सुरू झालेली, अडीच फुटी रुळांची. पुढे ती लातूरपर्यंत आणि मिरजेपर्यंत गेली. ब्रॉडगेज करताना धाराशिव शहर मार्गावर यावं म्हणून येडशीच्या पुढे रेल्वे वळवली गेली. जिथे जुना मार्ग सुटला आहे आणि जमिनीचा वाद नाही, तिथे रेल्वेशी बोलून तो सायकलीला आणि पायी चालणाऱ्यांना खुला करता आला तर मला फार आवडेल. आगगाडीसाठी आखलेल्या वाटेचा चढ सौम्य असतो, लहान मुलंसुद्धा चढतील.

सायकलीबद्दल थोडं. ट्यूबलेस टायर घ्याच. बाभळीचा काटा आणि सराटे, या दोघांपुढे साधी ट्यूब टिकत नाही. आत घातलेलं सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारा द्रव, आपल्या उन्हात लवकर वाळतं, ते मार्चनंतर वरचेवर बघायचं. काळ्या रानात पावसानंतर लगेच जाऊ नका. चिखल चाक आणि फोर्कच्या मधे असा बसतो की सायकल खांद्यावर घ्यावी लागते, शिवाय ओल्या पाणंदीत पडलेली खोल चाकोरी नंतर शेतकऱ्याच्या गाडीला महिनोन्महिने त्रास देते. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर हा खरा हंगाम. महागडी सायकल नसेल तर थांबू नका, जाड टायरची साधी सायकलही या वाटांवर छान चालते. सोबत दोन लिटर पाणी, कडक भाकरी आणि शेंगाचटणी. मेंढरांचा कळप आडवा आला की उतरून उभं राहायचं. कुत्री आधी धावून येतात, पण धनगराला हाक मारली की तो त्यांना आवरतो, आणि मग पुढचा ओढा कुठे ओलांडायचा हेही तोच सांगतो.

येत्या हंगामाच्या आधी नान्नज-वैराग-बार्शी-पांगरी या पट्ट्यातल्या गावांचे नकाशे गोळा करून मोकळे असलेले गाडीमार्ग जोडायचं काम मी हाती घेतलंय. अभयारण्याची हद्द आणि गवताळ माळ वगळूनच. प्रत्येक गावात आधी सरपंच आणि शेतकऱ्यांशी बोलायचं, वन विभागाला मार्ग दाखवायचा, मगच तो बाहेर द्यायचा. या पट्ट्यात तुमचं गाव असेल, तर कुठला रस्ता चालू आहे आणि कुठला बुजलाय ते मला कळवा. नकाशाचा फोटो असेल तर पाठवा.