अंगणात लाखो रुपये पुरलेत म्हणे! त्या मेसेजला उत्तर

मागच्या रविवारी मामीचा फोन आला, आवाज रडवेला. मामेभावाने चौदा हजारांचा मेटल डिटेक्टर ऑनलाइन मागवलाय, परसात कढीपत्त्याच्या झाडाशेजारी तीन खड्डे पाडलेत आणि आता दोन मित्रांना घेऊन रात्री गावाबाहेरच्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, खणायला जायचं म्हणतोय, तूच समजाव बाबा त्याला. आणि हे सगळं कशावरून, तर एका व्हॉट्सॲप मेसेजवरून. तोच मेसेज मला आधी तीन ग्रुपवर आला होता आणि मी न वाचता पुढे गेलो होतो, तेव्हाच उत्तर दिलं असतं तर बरं झालं असतं असं आता वाटतंय.

ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी, मेसेजमध्ये थोडक्यात असं आहे: तुमच्या अंगणात, गावच्या गढीत, किल्ल्यावर, शहरातल्या बागेत जुनी नाणी पुरलेली आहेत, डिटेक्टर घ्या आणि खणा, सापडेल ते तुमचं, कायद्याची काही अडचण नाही. मशीन तीस फूट खालचं सोनं दाखवतं. एक शिवराई पाच लाखाला जाते, रामदरबाराचं नाणं एक कोटीला. नाणं लिंबू-चिंचेने चकाचक करून विका. इंग्लंडमध्ये लोक हेच करून श्रीमंत झाले. आणि सगळ्यात खाली, धन "हलत" असेल तर पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेला, माणूस घेऊन अमावस्येला जा.

सगळ्यात खोटी आणि पोरांना गोत्यात आणणारी ओळ म्हणजे "सापडेल ते तुमचं, कायद्याची अडचण नाही". अहो कायदा आहे, आणि तो काल-परवाचा नाही, १८७८ चा आहे. भारतीय निखात निधी कायदा. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या कशातही, म्हणजे भिंतीत वगैरे, दडवलेली कुठलीही मौल्यवान वस्तू म्हणजे निधी, आणि तिची किंमत दहा रुपयांच्या वर असेल तर ज्याला सापडली त्याने कलेक्टरला लेखी कळवायचं. काय सापडलं, अंदाजे किती किमतीचं, कुठे सापडलं, कधी सापडलं. वर तो ऐवज सरकारी तिजोरीत जमा करायचा किंवा मागतील तेव्हा हजर करीन अशी हमी द्यायची. हो, दहा रुपये. १८७८ चे दहा रुपये आजही कायद्यात तसेच आहेत, त्यामुळे तुमच्या परसातलं एखादं बरं तांब्याचं नाणंसुद्धा त्यात बसतं. कळवलं नाही, किंवा वितळवून, घासून ओळख लपवायचा प्रयत्न केला, तर सापडलेल्यातला तुमचा हिस्सा सरकारजमा आणि वर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. जागेच्या मालकाने यात साथ दिली तर त्यालाही सहा महिन्यांपर्यंत. म्हणजे मामाच्या नावावरच्या घराच्या परसात पोराने खणलं आणि मामाने बघून न बघितल्यासारखं केलं तर मामाही अडकला. मेसेज लिहिणाऱ्याने हे लिहिलंय का कुठे?

एक गोष्ट कबूल करावी लागते, नाखुशीने का होईना. "तुम्हाला मिळेल" हे अगदीच हवेतलं नाही. त्याच कायद्यात असं आहे की निधीवर कुणाचा हक्क शाबीत झाला नाही, तर सापडवणारा आणि जागेचा मालक यांच्यात वाटणी होते, आपसात काही ठरलं नसेल तर तीन चतुर्थांश सापडवणाऱ्याला, एक चतुर्थांश मालकाला. आणि सरकारला ठेवून घ्यायचा असेल तर त्यातल्या धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन घेता येतो. म्हणजे हिस्सा आहे, पण तो कळवणाऱ्याला आहे. मेसेजने अर्धं खरं उचललं आणि ज्या अर्ध्यावर ते उभं आहे तेच कापून टाकलं.

न कळवल्यावर काय होतं ते बघायला लांब जायला नको. २०२१ च्या सुरुवातीला पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीची बातमी आली होती. खोदकामात सोन्याची जुनी नाणी निघाली, सापडवणाऱ्यांनी घरी नेऊन ठेवली, शेवटी पोलिस आले आणि २१६ मोहरा जप्त झाल्या. कळवलं असतं तर कायद्याने हिस्सा मागता आला असता, तो गेला आणि पोलिस ठाण्याची पायरी मात्र चढावी लागली.

हे झालं आपल्या घरच्या जमिनीचं. गढी, किल्ला, बाग हा तर त्याहून पुढचा विषय. बाग महापालिकेची असते, तुमची नाही, तिथे परवानगीशिवाय खणायला तुम्हाला कुणी सांगितलं? शिवनेरी, रायगड ही केंद्राच्या पुरातत्त्व खात्याची संरक्षित स्मारकं आहेत, १९५८ च्या कायद्याखाली. तिथे नुकसान केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. २०२५ च्या जुलैमध्ये शिवनेरी धरून बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले तेव्हा याच ग्रुपवर सगळ्यांनी भगवे झेंडे टाकले होते, आणि त्याच ग्रुपवर किल्ला खणायचा सल्ला फिरतोय, कुणालाच काही वाटत नाही.

पण माझा जीव तुटतो तो पांढरीसाठी. आमचं गाव जुन्नरच्या बाजूचं. काळी म्हणजे शेतजमीन आणि पांढरी म्हणजे जिथे पिढ्यान् पिढ्या माणसं राहिली ती जागा, हे गावाकडच्या कुणालाही सांगायला नको. राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती, खापरं, हाडं, सगळं थरावर थर साचून ते टेकाड झालेलं असतं. तिथे वरच्या थरात पेशवाईतलं नाणं असेल, खाली बहामनी, त्याच्या खाली सातवाहनांचं शिशाचं बारकं नाणं असू शकतं, आणि कुठलं नाणं कुठल्या थरात कुठल्या खापराशेजारी होतं यावरूनच तर कळतं की इथे माणूस कधीपासून राहतोय. रात्री बॅटरी लावून कुदळीने खड्डा पाडला की वरची माती खाली, खालची वर, नाणं खिशात आणि खापरं फेकलेली, झालं, ते पान फाटलं, ते परत कुणालाच वाचता येणार नाही.

हे पुस्तकी वाटत असेल तर जोगळटेंभी आठवा. नाशिक जिल्ह्यात, सिन्नर तालुक्यात, गोदावरीच्या काठी. १९०६ मध्ये तिथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३,००० हून जास्त नाणी, क्षत्रप राजा नहपानाची. आणि त्यातल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा वरून मारलेला! नाशिकच्या लेण्यांत गौतमीपुत्राची आई बलश्री हिचा लेख आहे, त्यात माझ्या मुलाने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, वंश निःशेष केला असं म्हटलंय. आईने मुलाचं कौतुक केलंय म्हणून कुणी सोडून दिलं असतं, पण त्या साठ्याने साक्ष दिली की हरलेल्या राजाचा पैसा जिंकलेल्याने आपला शिक्का मारून पुन्हा चालवला. ही साक्ष एका सुट्या नाण्याने दिली नसती. हजारो नाणी एकत्र मिळाली, मोजली गेली, किती ठसा मारलेली आणि किती बिनठशाची ते लिहून ठेवलं गेलं म्हणून ती मिळाली. तोच साठा चार पोरांनी रात्री वाटून घेऊन सोनाराकडे वितळवला असता तर? चांदीचे थोडेफार पैसे आले असते आणि आपल्या इतिहासातली एवढी मोठी गोष्ट आटवून टाकली गेली असती.

बाकीचे मुद्दे पटापट उरकतो.

तीस फूट खालचं सोनं. नाही हो. हातात धरायचा साधा डिटेक्टर नाण्याएवढी वस्तू वीतभर, फार झालं तर फूटभर खोलीवर पकडतो. आणि सोनं कुठलं, ॲल्युमिनियमचा फॉइल कागद कुठला हे त्याला खात्रीने सांगता येत नाही, दोन्हींचा सिग्नल एकमेकांत मिसळतो. त्यात आपली जमीन बेसाल्टची, कोकणात जांभा, दोन्हींत लोहखनिज, त्यामुळे मशीन रिकाम्या मातीवरही वाजत राहतं. मामेभावाच्या पहिल्या दोन खड्ड्यांत एक खिळा आणि गुटख्याच्या पुड्या निघाल्या.

पाच लाखाची शिवराई. शिवाजी महाराजांनी सुरू केलेलं हे तांब्याचं नाणं, एका बाजूला "श्री राजा शिव", दुसऱ्या बाजूला "छत्र पति", पण ते महाराजांच्या नंतरही पुढे पेशवाई संपेपर्यंत ठिकठिकाणी पाडलं गेलं, म्हणून आजही भरपूर मिळतं आणि साधी शिवराई नाणी जमवणाऱ्यांकडे काही शे रुपयांत मिळते. दुर्मिळ आहे तो महाराजांचा सोन्याचा होन, तो परसात खिळ्यासोबत मिळायची आशा धरू नका. रामदरबाराचं १८१८ चं "ईस्ट इंडिया कंपनीचं" नाणं तर कंपनीने पाडलेलंच नाही, तो देवळाबाहेर मिळणारा टोकन आहे. ते दैवी शक्तीने तांदूळ स्वतःकडे खेचतं म्हणून कोटीला जातं हे सांगणारे तर सरळ फसवणारे लोक आहेत, अशा टोळ्यांनी लोकांची आयुष्यभराची कमाई नेलीय. आणि विकताना कुणी रिझर्व्ह बँकेच्या नावाने "चार्ज" मागितला तर फोन ठेवा, ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेने स्वतः जाहीर केलंय की जुनी नाणी-नोटांच्या व्यवहारात आमचा काही संबंध नाही आणि आम्ही कुणाला असे पैसे गोळा करायला सांगितलेलं नाही.

इंग्लंड. तिथे आधी जमीनमालकाची परवानगी लागते, संरक्षित स्थळावर बंदी आहे आणि १९९६ च्या कायद्याप्रमाणे निधी सापडला की चौदा दिवसांत कळवावं लागतं. दोघांनी २०१५ मध्ये हेरफर्डशरमध्ये व्हायकिंग काळातला साठा लपवला, २०१९ मध्ये एकाला दहा वर्षं आणि दुसऱ्याला साडेआठ वर्षं शिक्षा झाली. हे मेसेजमध्ये नाही.

आता पायाळू. हा मुद्दा वाचून माझं डोकंच फिरलं. अशा पायाकडून जन्मलेल्या माणसाला गुप्तधन दिसतं या समजापायी आपल्या राज्यात काय काय झालंय ते सगळ्यांना माहीत आहे, अशा लोकांना, लहान पोरांनासुद्धा, रात्री खड्ड्याशी नेऊन बसवतात, आणि हे नरबळीपर्यंत जातं. म्हणूनच २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या शोधापायी केले जाणारे अघोरी प्रकार नाव घेऊन घातलेत, शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. ज्याने हे वाक्य लिहिलं त्याने तर पाप केलंच, पण ज्यांनी हसायच्या इमोजीसकट पुढे पाठवलं त्यांनी आधी आपल्या घरात कुणी पायाळू आहे का ते बघावं. माझी धाकटी आत्या पायाळू आहे. मामेभावाने मेसेज वाचून पहिला प्रश्न तिच्याबद्दल विचारला होता.

राहिलं लिंबू-चिंच. तिसऱ्या खड्ड्यात त्याला खरंच एक नाणं मिळालं. शिवराईच, बहुतेक पेशवाईतली, दुदांडी नावाच्या प्रकारातली. मी पोचेपर्यंत पोराने चिंचेच्या कोळात भिजवून घासणीने घासलं होतं. जमिनीत तांब्यावर जो हिरवा-काळा थर चढतो तो निघून गेला, त्यासोबत "छत्र"मधलं अर्धं अक्षर गेलं, आणि गुलाबी तांबं उघडं पडलं. जाणकार अशा नाण्याला हातसुद्धा लावत नाहीत. त्याला ओरडायला गेलो होतो पण त्याचा चेहरा बघून ओरडवलं नाही.

मग दोघं बसलो. त्याने वहीच्या कागदावर लिहिलं, तांब्याचं नाणं एक, कढीपत्त्याच्या झाडापासून पूर्वेला चार पावलं, वीतभर खोल, शेजारी काळं खापर, तारीख. नाणं कागदात गुंडाळून पिशवीत ठेवलं, खापरही शोधून आणलं. सोमवारी त्याच मजकुराचं साधं पत्र कलेक्टर ऑफिसला दिलं आणि आवकचा शिक्का मारलेली प्रत मामीने रेशनकार्डाच्या फाइलीत ठेवलीय. पांढरीवर तो जाणार नाही म्हणालाय. त्या दोन मित्रांशी मात्र अजून बोलायचंय, म्हणून येत्या शनिवारी परत गावी जातोय.