बारा वर्षांच्या राजाचा अभिषेक आणि विषाची भाकडकथा

फ्रान्सचा नववा लुई वयाच्या बाराव्या वर्षी गादीवर कसा आला, याची सनसनाटी हकिगत सांगणारा एक मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: स्पेनमधल्या कास्तील राज्यातून आलेल्या त्याच्या आईने, ब्लांश राणीने, आपला प्रियकर, शाँपेनचा काउंट तिबो, याच्या मदतीने नवऱ्याला विष घातले, घाईघाईने पोराला पॅरिसमध्ये पोपच्या हातून मुकुट चढवला आणि बायकांना सत्ता वर्ज्य असलेल्या देशात सत्ता बळकावली. मुलाच्या कपाळी लावलेले तेल म्हणे क्लोव्हिस या प्राचीन फ्रँक राजाच्या राज्याभिषेकासाठी कबुतराने स्वर्गातून आणले होते. माझ्या भाचीने हे सारे ‘इतिहासातील कपटी राण्या’ या भाषणासाठी जसेच्या तसे उतरवून घेतले, म्हणून हा खटाटोप. एरवी अशा मजकुरांकडे काणाडोळा करणेच बरे.

आधी विषाचे पाहू, कारण तो सरळसरळ खुनाचा आरोप आहे. ब्लांशचा नवरा आठवा लुई ८ नोव्हेंबर १२२६ रोजी ओव्हेर्न्य प्रांतातल्या मोंपाँसिए येथे वारला. त्याआधी ऐन उन्हाळ्यात तो तीन महिने दक्षिणेतल्या आव्हिन्यों शहराला वेढा घालून बसला होता, छावणीत रोगाने माणसे पटापट मरत होती, आणि परतीच्या वाटेवर राजालाही हगवणीने गाठले. तिबो चाळीस दिवसांची सरंजामी चाकरी संपताच, राजाची नाराजी पत्करून, छावणी सोडून गेला हे खरे. एवढ्याच भांडवलावर अफवा उभी राहिली. पण तिबो गेला उन्हाळ्यात आणि राजा मेला नोव्हेंबरात. मधल्या काळात राजाने आव्हिन्यों ताब्यात घेतले आणि दक्षिणेतली मोहीम पुढे चालवली. तीन महिने पोटात दडून बसणारे आणि तोवर माणसाला घोड्यावरून लढाई करू देणारे हे विष कोणत्या वैद्याने घोटले होते, ते मजकूरकर्त्यानेच सांगावे. ही गोष्ट लिहून ठेवणारा रॉजर ऑफ वेंडोव्हर हा इंग्लंडमधला मठवासी. त्यानेही ती ऐकीव म्हणूनच दिली आहे, आणि ज्या राजाने १२१६ मध्ये इंग्लंडवर स्वारी केली होती त्याच्या घराविषयी तिथे काय काय ऐकू येत असेल, याची कल्पना करता येते. शिवाय या तथाकथित प्रियकराला अभिषेकाला येऊ दिलेच नाही. कटातल्या साथीदाराला वेशीवरून परत पाठवणारी राणी विरळाच.

घाई झाली, हे मात्र मान्य करावे लागते. बाप गेल्यापासून तीन आठवड्यांत, २९ नोव्हेंबरला, मुलाला वाटेत सोआसाँ येथे नाइट करून अभिषेक उरकला गेला, आणि ब्रिटनीच्या पियेरसारखे बडे सरदार तिकडे फिरकलेही नाहीत. पण कारण समजून घेतले पाहिजे. त्या काळी फ्रान्समध्ये राजाची कारकीर्द अभिषेकापासून मोजत, म्हणजे तोवर गादी रिकामीच; बाप वारल्याच्या क्षणापासून मुलगा राजा, ही पद्धत १२७० मध्ये तिसऱ्या फिलिपपासून रूढ झाली. हा धोका टाळण्यासाठीच पूर्वीचे राजे आपल्या हयातीत मुलाचा अभिषेक करून घेत. १४ वर्षांच्या दुसऱ्या फिलिपचा ११७९ मध्ये तसाच झाला होता, आणि तो शेवटचा. नवव्या लुईच्या वाट्याला अल्पवय आणि अभिषेकाचा अभाव ही दोन्ही संकटे एकदम आली. मरणशय्येवरच्या बापानेच सरदारांकडून आणि धर्माधिकाऱ्यांकडून मुलाला लवकरात लवकर अभिषेक करण्याची शपथ घेतली होती, आणि राज्य व मुले ब्लांशच्या हवाली केल्याचे सांसच्या आर्चबिशपने दोन बिशपांसह लिहून दिले आहे.

या बळकावलेल्या सत्तेचे रूप कसे होते, ते लुईच्या सहवासात राहिलेल्या ज्वाँव्हिलने खुद्द राजाच्या तोंडून ऐकून नोंदवले आहे. ब्लांश परदेशची, फ्रान्समध्ये तिला ना नातलग ना मित्र. सरदारांनी तिच्याकडे मोठमोठ्या जमिनी मागितल्या, ती देईना, तेव्हा ते कोर्बेय येथे जमले. मायलेक मोंलेरीत अडकले आणि पॅरिसचे लोक हत्यारे घेऊन न्यायला येईपर्यंत त्यांची परतायची हिंमत झाली नाही. मोंलेरीपासून पॅरिसपर्यंतचा रस्ता सशस्त्र आणि निःशस्त्र माणसांनी भरला होता, आणि सारे ओरडून राजाला दीर्घायुष्य मागत होते. ज्वाँव्हिल राजाचा चाहता होता, अभिषेकाच्या वेळी तो तान्हा होता, हे लक्षात घेऊनही ही साक्ष वेंडोव्हरच्या कानगोष्टीपेक्षा शतपटीने भारी आहे.

पॅरिस आणि पोप ही निव्वळ थाप आहे. अभिषेक रॅंसच्या कॅथीड्रलमध्ये झाला, आणि तिथल्या आर्चबिशपची जागा रिकामी असल्याने तो सोआसाँच्या बिशपने केला. पॅरिसच्या नोत्र दामचा घोळ बहुधा इंग्लंडच्या दहा वर्षांच्या सहाव्या हेन्रीवरून झाला असावा. त्याला तिथे १४३१ मध्ये फ्रान्सचा मुकुट घातला गेला. तेलाचेही तसेच: क्लोव्हिसचा बाप्तिस्मा झाला, राज्याभिषेक नव्हे, त्या बाप्तिस्म्याचे वर्णन करणाऱ्या तूरच्या ग्रेगरी या सहाव्या शतकातल्या बिशप-इतिहासकाराला कुठलेही कबुतर ठाऊक नाही. ती कथा रॅंसच्याच हिंकमार नावाच्या आर्चबिशपने नवव्या शतकात पुढे आणली, आणि त्यात त्याच्या गावाचा किती फायदा होता हे सांगायला नको.

राहिला बायकांना सत्ता वर्ज्य असल्याचा मुद्दा. राजमुकुटापासून स्त्रियांना दूर ठेवण्याचा वाद चौदाव्या शतकातला, म्हणजे या अभिषेकानंतर नव्वदेक वर्षांनी उपटलेला. १२२६ मध्ये रॅंसला खरा तंटा झाला तो राजाची तलवार कुणी वाहायची यावरून, आणि भांडणाऱ्या दोघी बायकाच होत्या: फ्लँडर्सची काउंटेस जान आणि शाँपेनची काउंटेस. दोघींचाही दावा नवऱ्यांच्या गैरहजेरीत मान घरातल्या बाईकडे येतो, असा होता. शेवटी तलवार राजाचा चुलता फिलिप उरपेल याच्या हाती देऊन तो मिटवला गेला. जानचा नवरा फेराँ १२१४ च्या बुव्हीनच्या लढाईपासून कैदेत होता. अभिषेकानंतर काही आठवड्यांतच, जानेवारी १२२७ मध्ये, ब्लांशच्या कारभारात त्याची सुटका झाली.