हैतीला शाप बिप काही नाहीये

हैती म्हणजे कॅरिबियनमधला एक गरीब देश, त्याची बातमी आली की खाली कुणीतरी लिहितंच, "बिचारे, देशच शापित आहे." डोकं सटकतं माझं. शाप कसला, हिशेब आहे तो.

12 जानेवारी 2010 ला 7.0 चा भूकंप झाला, राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सपासून जेमतेम 25 किलोमीटरवर, आणि मेले किती ते आजपण नक्की नाही, कुणी लाखभर म्हणतं, तिथलं सरकार तीन लाखांच्या वर सांगतं. दीड महिन्यानी चिलीत 8.8 चा झाला, कितीतरी पट मोठा, तिथं गेले पाचशेच्या आसपास. हां, चिलीचा केंद्रबिंदू समुद्रात होता, असा शहराला चिकटून नव्हता, हे मान्य. पण तिकडे बांधकामाचे नियम होते आणि पाळलेही जायचे, हैतीत मात्र सिमेंट कमी घातलेले ब्लॉक, नावाला सळई आणि वर जड स्लॅब. आपल्या किल्लारीत 1993 ला वेगळं काय झालं होतं, माणसं दगडमातीच्या भिंतींखालीच गेली ना.

मग सिमेंट कमी का घातलं? पैसा नव्हता. का नव्हता? तर हैती आधी फ्रान्सची वसाहत, 1804 ला तिथल्या मळ्यांवरच्या गुलामांनी नेपोलियनच्या फौजेला हरवून स्वतःचा देश उभा केला, आणि 1825 ला फ्रान्सनं युद्धनौका आणून दारात उभ्या केल्या आणि 15 कोटी फ्रँक मागितले, का तर फ्रेंच मळेवाल्यांचं नुकसान झालं! त्या नुकसानीत गुलामपण धरलेले, म्हणजे सुटलेल्या माणसानं स्वतःचीच किंमत जुन्या मालकाला भरायची. पुढे रक्कम 9 कोटींवर आणली, पण ती भरायला कर्ज काढलं तेही पॅरिसच्याच बँकांकडून. सगळं फिटलं 1947 ला. आपल्याकडचा सावकार बरा म्हणायची पाळी.

आणि मदतीचं म्हणाल तर भूकंपानंतर काही महिन्यांत युएनच्या शांतिसैनिकांच्या कॅम्पमधली घाण नदीत गेली, कॉलरा पसरला, दहाएक हजार माणसं गेली. माफी मागितली 2016 ला, सहा वर्षांनी.

"जंगलं पण त्यांनीच तोडली ना" म्हणणारे पण भेटतात. अरे गॅस परवडत नाही, चूल लाकडाच्या कोळशावर चालते, त्या बाईनं झाड बघायचं की पोराचं पोट? डोंगर बोडके झाले की पाऊस माती घेऊनच खाली येतो, हे तिला आपल्यापेक्षा जास्त कळतं.

2021 च्या ऑगस्टमधे परत 7.2 चा झाला, दक्षिणेकडे, दोन हजारांवर माणसं गेली. राष्ट्राध्यक्षांचा खून होऊन तेव्हा दीड महिनापण झाला नव्हता. परत हादरा बसेल म्हणून लोक घराबाहेर झोपत होते, आणि दोनच दिवसांत ग्रेस वादळाचा पाऊस आला. घरात जावं तर छत पडायची भीती, म्हणून पोरांना घेऊन ताडपत्रीखालीच भिजत बसले.