एचपीव्हीचा रिपोर्ट म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे

एचपीव्ही म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरू शकणारा विषाणू. त्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की बाईला घरात पहिला प्रश्न येतो, "हे कुठून आलं?" मला या प्रश्नाची मनापासून चीड आहे. कारण त्याचं उत्तर कुठलाच डॉक्टर देऊ शकत नाही.

परवा एक मैत्रीण रिपोर्टची घडी पर्सच्या आतल्या कप्प्यात कोंबत एवढंच म्हणाली, "अगं, ह्यांना काय सांगू?" कॅन्सर हा शब्द तिच्या तोंडी आलाच नाही.

हा विषाणू लैंगिक संबंधांतून पसरतो, आणि त्या भागातल्या त्वचेच्या नुसत्या स्पर्शानेही पसरत असल्यामुळे कंडोमनेही पूर्ण अडत नाही. संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो कधी ना कधी होऊन जातो. बहुतेकांचं शरीर एक-दोन वर्षांत त्याला परतवतं. पण काहींच्या अंगात तो वर्षानुवर्षं दबा धरून बसतो. मग आज सापडला म्हणून संसर्ग आजचा, हे कशावरून? पुरुषांसाठी अशी नेहमीची तपासणीच नाही, त्यामुळे रिपोर्ट बाईच्या नावाचा निघतो आणि संशयही तिच्याच वाट्याला येतो.

काळजी करायची ती विषाणू ठाण मांडून बसला तर. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी सुमारे ७० टक्के कॅन्सर या विषाणूच्या १६ आणि १८ क्रमांकाच्या दोनच प्रकारांमुळे होतात. पण संसर्गापासून कॅन्सरपर्यंत साधारण १५-२० वर्षं जातात. एवढा वेळ हातात असूनही बायका मरतात, याचं मला फार वाईट वाटतं.

वेळेत तपासणी झाली तर जीव वाचतो, आणि याचा पुरावा आपल्याच मराठवाड्यातला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलने ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास केला. २००९ मध्ये निष्कर्ष आले: आयुष्यात एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे. शेतावर जाणाऱ्या त्या बायका तपासणीला पुढे आल्या. शहरातल्या आपण मात्र 'काही त्रास नाही ना, मग कशाला' म्हणत टाळतो. दोन मिनिटांचं काम असतं. छोट्या ब्रशने गर्भाशयमुखावरच्या पेशी घेतात, बाटलीतल्या द्रवात बुडवतात, झालं.

मुलींसाठी ९ ते १४ हे एचपीव्हीच्या लसीचं सर्वांत योग्य वय. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक २०२३ पासून मिळते. लस सगळ्या प्रकारांना अडवत नाही, म्हणून लस घेतलेल्या मुलींनीही तिशीनंतर तपासणी करायचीच.