‘कागद मागाहून करू’ म्हणणाऱ्या वाचकास

श्री. ‘बडोदेकर’,

सरोगसीच्या, म्हणजे दुसऱ्या बाईनं (सरोगेटनं) जोडप्याचं मूल पोटात वाढवण्याच्या, फाइलीत कुठला कागद आधी लागतो यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत ते इतरांसाठी थोडक्यात देते: लेख सरकारी परिपत्रकासारखा आहे. खुर्चीत बसून लोकांना घाबरवायला मॅडमचं काय जातं! सरोगसीच्या दवाखान्यांसाठी गाजलेलं आणंद इथून तासाभरावर आहे, पैसे टाकले की सगळं होतं. रक्त शेवटी नऊ महिने वाढवणारीचंच. आणि घरचीच भावजय तयार असताना एवढे कागद कशाला, ते मागाहूनही होतात.

परिपत्रकाचं अर्धं मान्य. फॉर्मांचे क्रमांक जरा दाटीनं आलेत, ते पुढच्या वेळी कमी करीन. खुर्चीचं मात्र कळलं नाही. त्याच खुर्चीत बसून मी रोज जोडप्यांच्या फायली लावते आणि कुठली फाइल कुठल्या कागदावर अडते हे मला तोंडपाठ आहे. तुम्ही एखादी लावली असती तर ‘मागाहून’ असं लिहिलंच नसतं.

कागदांचा क्रम माझ्या मनाचा नाही. २५ जानेवारी २०२२ पासून लागू असलेल्या कायद्याचा आहे. आधी जिल्हा वैद्यकीय मंडळाचा दाखला लागतो. गर्भाशय नाही किंवा काढलंय, आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार) पुन्हा पुन्हा फसलंय, कारण न सापडता गर्भ पडतायत, किंवा गरोदरपण जिवावर बेतेल असा आजार आहे, यातलं काहीतरी त्यात असायला हवं. मग प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा पालकत्वाचा आणि ताब्याचा आदेश. सोबत सरोगेटसाठी ३६ महिन्यांचा विमा. घरच्या मेडिक्लेममध्ये नाव घातलं की झालं असं लोक समजतात, पण या विम्यात गरोदरपणाची आणि बाळंतपणानंतरची सगळी गुंतागुंत धरलेली असावी लागते. या तिन्हींवर आवश्यकतेचा दाखला मिळतो. जोडप्याचा पात्रतेचा दाखला वेगळा आणि सरोगेटचा आणखी वेगळा. समुचित प्राधिकाऱ्याला, म्हणजे हे दाखले देणाऱ्या सरकारी यंत्रणेला, अर्जावर निर्णय द्यायला ९० दिवस असतात. हे सगळं हातात आल्यावरच एम्ब्रियो, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेला गर्भाचा अंकुर, सरोगेटच्या गर्भपिशवीत जातो.

आता तुमचं ‘मागाहून’ करून बघू. तो न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेशच बाळ जन्मल्यावर जन्माचं प्रतिज्ञापत्र म्हणून चालतो. तो नसेल तर दवाखाना बाळंत झालेल्या बाईचं नाव आई म्हणून कळवणार, म्हणजे तुमच्या भावजयीचं. शिवाय दाखल्यांआधी एम्ब्रियो ठेवणं हा गुन्हा आहे. कुणी डॉक्टर ‘करून टाकू’ म्हणाला तर त्याच्याकडून उठून यायचं.

वयाचं तर फारच थोड्यांच्या लक्षात येतं. जोडप्याचं वय दाखला मिळण्याच्या दिवशी मोजतात: बायको २३ ते ५०, नवरा २६ ते ५५. सरोगेटचं वय मात्र एम्ब्रियो ठेवण्याच्या दिवशी २५ ते ३५ मध्ये हवं. ती विवाहित किंवा पूर्वी विवाह झालेली हवी, तिला स्वतःचं मूल हवं आणि आयुष्यात सरोगसी एकदाच. म्हणजे अर्ज करताना चौतिशीची असलेली भावजय कागद फिरेपर्यंत बाद होऊ शकते. त्यात आधारवरची जन्मतारीख एक आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची दुसरी निघाली, की आधी ती दुरुस्ती.

आणि शरीराचं काय? सरोगेटला साधारणपणे पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून एस्ट्रॅडिऑल या हार्मोनच्या २ मिग्रॅच्या गोळ्या देतात, बहुधा दिवसाला तीन. दहा-चौदा दिवसांत गर्भपिशवीचं अस्तर ७–८ मिमी आणि सोनोग्राफीत तीन रेघांचं दिसलं की प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन चालू, आणि त्याच्या सहाव्या दिवशी पाच दिवसांचा एम्ब्रियो. एकदा प्रोजेस्टेरॉन सुरू झालं की ही तारीख ढकलता येत नाही. त्या दिवशी दाखला हातात नसेल तर सायकल, म्हणजे उपचाराची ती फेरी, वाया जाते आणि त्या बाईनं तीन आठवडे हार्मोन घेतले ते फुकट. म्हणून एम्ब्रियो उणे १९६ अंशांवर गोठवून ठेवतात. तिथे ते कायद्यानं दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात. घाई त्यांची नसते, सरोगेटच्या वाढदिवसाची असते. प्रयत्नही तीनच, आणि एका वेळी एकच एम्ब्रियो. दोन-तीन फक्त खास परिस्थितीत.

‘घरचीच’ म्हणून तर कागद जास्त लागतात, साहेब! परकी बाई नाही म्हणू शकते. सासू-सासऱ्यांच्या समोर बसलेली धाकटी जाऊ किंवा भावजय काय म्हणणार? म्हणून समुपदेशकानं तिच्याशी एकटीशी बोलावं, तिला कळेल त्या भाषेत दुष्परिणाम सांगावेत. एम्ब्रियो ठेवेपर्यंत ती कधीही माघार घेऊ शकते, हे तिला माहीत असावं. पुढे गर्भपाताची वेळ आलीच तर तिची लेखी संमती आणि प्राधिकाऱ्याची परवानगी, दोन्ही लागतात. तिथे नवऱ्याची, दिराची, नणंदेची सही चालत नाही. आणि ‘तिच्या मुलाची फी आम्ही भरू’ हे प्रेमानं म्हटलं तरी अडचणीचं. रोख असो वा वस्तू, तिला असो वा तिच्यावर अवलंबून असलेल्यांना, औषधोपचार, विमा आणि नियमांत दिलेला खर्च सोडून काही दिलं की ती व्यावसायिक सरोगसी, आणि तिला तुरुंगवास आहे.

आणंदचं बोलायचं तर तुमची माहिती २०१५ च्याही आधीची. परदेशी जोडप्यांना दार त्याच वर्षी बंद झालं. २००८ मध्ये तिथेच जन्मलेल्या एका जपानी जोडप्याच्या मुलीचे आईबाप तिच्या जन्माआधीच विभक्त झाले आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. एका जर्मन जोडप्याच्या जुळ्यांसाठी गुजरात हायकोर्टाची पायरी चढावी लागली. कागद मागाहून करायला निघालं की असं होतं. रक्ताबद्दल: सरोगेटचं स्त्रीबीज वापरायला कायद्यानं बंदी आहे. जनुकं तिची नसतात. एवढं पुरे.

तुमच्या ओळखीत खरंच कुणाचं काम चाललं असेल, आणि प्रतिक्रियेतल्या चिडचिडीवरून तसं वाटतंय, तर आज एवढं करा. भावजयीची जन्मतारीख दोन्ही कागदांवर जुळते का बघा. पस्तिशीला वर्षाहून कमी उरलं असेल तर मंडळाचा अर्ज या आठवड्यात टाकायला सांगा. दात्याचं बीज (स्त्रीबीज किंवा शुक्राणू) वापरायचं असेल तर फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीप्रमाणे नवरा-बायकोपैकी एकाचं स्वतःचं बीज लागतंच, आणि दात्याची गरज मंडळानं लिहून द्यावी लागते. तीही त्याच अर्जासोबत मागून घ्या, नाहीतर फाइल परत येईल. गोळ्या कुणी आधीच सुरू केल्या असतील तर आपल्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.